दुधाच्या दातांची राखण
(घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांसाठी एक पाठ)

१. विषयप्रवेश

माणसाला दात दोनदा येतात. प्रथम येणारे वीस दात दुधाचे. त्यांच्या जागी व त्यांच्यामागे येणारे बत्तीस दात कायमचे. पहिल्या वीस दातांविषयी आपल्या समाजात एक समजूत खोल रुजलेली आहे. हे दात पडावयाचेच असतात, तेव्हा किडले तर किडले. त्यांची एवढी काळजी कशाला करावयाची, अशी ती समजूत होय. प्रस्तुत पाठ या समजुतीविषयी आहे. ती चुकीची का आहे हे शास्त्राने केव्हाच दाखवून दिले आहे. परंतु प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट घराच्या उंबरठ्याच्या आत कशी न्यावयाची, हा प्रश्न निराळा आहे, आणि तो अधिक अवघड आहे.

प्रश्नाचा आकार प्रथम ध्यानात घेऊ. भारतीय दंतपरिषदेने २००२-०३ साली देशभर केलेल्या पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. म्हणजे शाळेची पायरी चढण्यापूर्वीच निम्म्याहून अधिक मुलांच्या दातांना कीड लागलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे साऱ्या जगात सुमारे ५१ कोटी ४० लक्ष मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत.

दंतवैद्याची व मुलाची पहिली गाठ बहुधा दात ठणकू लागल्यावर पडते. पहिला दात सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो. ठणका पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या वर्षी लागतो. मधल्या दोन-तीन वर्षांत दंतवैद्य त्या घरात येत नाही. मात्र दुसरे कोणी तरी येत असते. लस टोचण्याची आठवण देणारी परिचारिका येते, वजन करणारी अंगणवाडी सेविका येते, बाळंतिणीची विचारपूस करणारी आशाताई येते. दातांचे रक्षण व्हावयाचे असेल, तर ते या बायांच्या हातून होणार आहे. त्यांना काय शिकवावे व कसे शिकवावे, हे येथे क्रमाने पाहावयाचे आहे. उदाहरणासाठी चेन्नई शहर घेतले आहे. ते का, हे पुढे स्पष्ट होईल.

२. दात कसा किडतो

दातात किडा शिरतो व तो दात पोखरतो, ही कल्पना फार जुनी आहे. किडा असा कोणी नसतो. दातावर डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंचा एक चिकट थर सदैव जमत असतो. आपण जे गोड खातो त्यातील साखर या जंतूंनाही मिळते. ते तिचे आम्ल बनवितात, आणि ते आम्ल दाताच्या कवचातील क्षार विरघळविते. आम्लाचे हे कार्य बर्लिन येथे काम करणाऱ्या विलोबी मिलर या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास प्रथम नीट मांडले.

दाताचे कवच हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. तरीही आम्लापुढे त्याचे चालत नाही. आम्लता मोजण्याच्या मापाप्रमाणे तोंडातील अंक साधारण ५.५ च्या खाली उतरला की कवचातील क्षार बाहेर पडू लागतात. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने असे दाखविले की, साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर अवघ्या काही मिनिटांत हा अंक खाली जातो आणि पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागतो. तो पूर्ववत होतो तो लाळेमुळे. लाळ आम्ल धुऊन काढते व गेलेले क्षार थोडेथोडे परत आणून बसविते.

तेव्हा दातावर दिवसभर एक देवघेव चाललेली असते. आम्ल घेऊन जाते, लाळ परत देते. घेणे व देणे यांचा मेळ बसला, तर दात शाबूत राहतो. घेणेच वाढत गेले, तर एक दिवस भांडवल संपते व दाताला भोक पडते. यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो: किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, याला अधिक महत्त्व आहे. जेवणाबरोबर एकदा खीर खाणाऱ्या मुलाच्या दातांना लाळेची मदत मिळण्यास पुढे भरपूर वेळ मिळतो. सकाळपासून हातात बिस्किट धरून ते चोखत बसलेल्या मुलाच्या तोंडातील आम्ल मात्र कधी ओसरतच नाही.

स्वीडनमधील व्हिपेहोल्म रुग्णालयात १९४५ पासून काही वर्षे याविषयी जे प्रयोग झाले, त्यांतही हेच दिसले. दोन जेवणांच्या मध्ये दाताला चिकटून राहणारी मिठाई ज्यांना दिली, त्यांचे दात झपाट्याने किडले. हे ज्ञान मिळाले ते मतिमंद रुग्णांना, त्यांची संमती न घेता, मिठाई चारून. म्हणून त्या प्रयोगांचा उल्लेख करताना त्या माणसांचेही स्मरण ठेवणे उचित होय.

लहान मुलाची कीड विशिष्ट ठिकाणी सुरू होते. वरच्या ओठामागील पुढच्या चार दातांवर, हिरडीच्या अगदी कडेला, प्रथम खडूसारखी पांढरी रेघ दिसते. खालच्या पुढच्या दातांना जिभेचा आडोसा व लाळेचा पुरवठा असल्यामुळे ते बहुधा वाचतात. पांढरी रेघ ही कीडच होय. पण ती परतविता येण्याजोगी अवस्था आहे. नंतर रेघ पिवळसर, मग तपकिरी होते व दात मोडू लागतो. आरोग्यसेविकेचे खरे काम रेघ पांढरी आहे तोवरचे. रंग बदलल्यावर पुढचे काम दंतवैद्याचे.

३. पडावयाचेच दात, मग जपावयाचे कशाला?

या प्रश्नाला सेविकेपाशी सरळ उत्तर हवे. ते असे.

पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरे. परंतु दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. तिसऱ्या वर्षी किडलेल्या दाढेने मुलाला आणखी सात-आठ वर्षे जेवावयाचे असते. दाढ दुखत असलेले मूल भाकरी चावीत नाही, भात गिळून टाकते, रात्री उठून रडते. लहान मुलाला दुखणे सांगता येत नाही. ‘हट्टी झाला आहे’, ‘खाण्याची नाटके करतो’ असे घरचे म्हणतात; पण ती नाटके नसतात.

दुसरे असे की, दुधाच्या दाताच्या मुळाखाली कायमच्या दाताचा अंकुर वाढत असतो. वरच्या दातातील पू खाली उतरला, तर त्या अंकुरालाही धक्का पोहोचू शकतो. दुधाची दाढ अकाली काढावी लागली, तर शेजारचे दात तिच्या जागेत सरकतात आणि कायमचा दात येईल तेव्हा त्याला वाट उरत नाही.

तिसरी गोष्ट फार थोड्या आईबापांना ठाऊक असते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. त्यामुळे ती आल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ती दुधाचीच समजून घरचे स्वस्थ बसतात. वस्तुतः ती कायमची पहिली दाढ असते. ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. जंतूंनी व साखरेने आधीच नासलेल्या तोंडात ही दाढ जन्म घेते, तेव्हा तिची स्थिती काय होणार हे सांगावयास नको.

४. घरोघर जाण्याची परंपरा

घरी जाऊन आरोग्य शिकविण्याची रीत नवी नाही. इंग्लंडात १८६२ साली मँचेस्टर व सॅल्फर्ड येथील एका स्त्रीसंस्थेने गरीब वस्त्यांत जाण्यासाठी त्याच वस्त्यांतील बाया नेमल्या. भारतात १९१८ साली दिल्लीस लेडी रीडिंग आरोग्यविद्यालय निघाले व तेथे आरोग्यसेविका तयार होऊ लागल्या. महाराष्ट्राने या परंपरेत मोलाची भर घातली आहे. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. त्यांनी खेड्यांतील बायांना, त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, आरोग्यकार्यकर्त्या म्हणून उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची देखभाल घरच्या घरी करण्याचा प्रयोग केला. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने तेथील नवजातांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. थोडे शिकलेली, पण गावातलीच असलेली बाई नीट शिकविल्यास काय करू शकते, याचा याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

चेन्नईचे उदाहरण घेण्याची कारणे दोन. एक, त्या शहरात दंतविद्येची परंपरा जुनी आहे. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयाची दंतशाखा १९५३ साली सुरू झाली व तीच पुढे तामिळनाडूचे शासकीय दंतमहाविद्यालय झाली. दुसरे, त्या राज्याला घरापर्यंत सेवा पोहोचविण्याची सवय आहे. १९८० साली तेथे सुरू झालेल्या एकात्मिक पोषण प्रकल्पात गावोगावच्या कार्यकर्त्या मुलांची वजने करून आयांना आहार समजावीत असत. ५ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ या योजनेत स्वयंसेविका रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे घरपोच देतात. योजनेच्या नावाचा अर्थच ‘लोकांना शोधीत जाणारे वैद्यक’ असा आहे. दंतविद्या एकीकडे व घरोघर जाणारी सेविका दुसरीकडे, अशी दोन्ही साधने एकाच शहरात आहेत. प्रश्न त्यांची गाठ घालून देण्याचा आहे.

त्यासाठी निराळी सेविका नेमण्याचे कारण नाही. केंद्रशासनाने २०१८ साली लहान बालकांच्या गृहदेखभालीचा जो कार्यक्रम सुरू केला, त्यात तिसरा, सहावा, नववा, बारावा व पंधरावा महिना अशा पाच भेटी ठरविल्या आहेत. दात येण्याचा काळ नेमका हाच. आहे त्याच भेटीत पाच मिनिटे दातांना द्यावयाची, एवढेच.

५. भेटीगणिक पाठ

तिसरा महिना. तोंडात दात नाही, म्हणून बोलण्यासारखे काही नाही असे समजू नये. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा नको. मधाचे बोट, साखरेचे पाणी, घुटीतील गूळ हे सर्व टाळावे. गोडाची चव लावली की ती सोडविणे कठीण जाते. ती लावूच नये हे सोपे. दूध पाजण्याची बाटली घरात आलेली नसेल, तर आणू नये. बाटल्यांच्या व कृत्रिम दुधाच्या जाहिरातीस आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नव्हे. याच भेटीत आईच्या स्वतःच्या दातांची चौकशी करावी. तिच्या तोंडातील जंतूच पुढे मुलाच्या तोंडात वस्ती करतात. म्हणून तिचे दात नीट होणे हा मुलाच्याच देखभालीचा भाग होय.

सहावा महिना. वरचे अन्न सुरू होते. नाचणीची पेज असो, मऊ भात असो वा केळे असो, त्यात साखर घालू नये. पहिला दात दिसला त्या दिवसापासून तो घासावा. लहान मऊ ब्रश घ्यावा. त्यावर फ्लोराइड असलेली टूथपेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी लावावी. अशा पेस्टमध्ये दर दहा लक्ष भागांत किमान एक हजार भाग फ्लोराइड असावे; नळीवर हा आकडा छापलेला असतो, तो सेविकेने वाचावयास शिकावे.

नववा महिना. ‘ओठ उचला’ हा पाठ या वेळी द्यावा. आई व सेविका यांनी समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसावे. मुलाचे पाय आईकडे व डोके सेविकेच्या मांडीवर ठेवावे. मूल वर पाहिले की आई दिसते, म्हणून ते घाबरत नाही. दाराजवळच्या उजेडात वरचा ओठ हळूच उचलून हिरडीच्या कडेला पांढरी रेघ आहे का ते पाहावे. पुढे आईने महिन्यातून एकदा हेच स्वतः करावे. याच सुमारास वाटीने वा पेल्याने पिण्याची सवय लावावी.

बारावा महिना. पहिल्या वाढदिवसापर्यंत मुलाचे तोंड एकदा दंतवैद्याला दाखवावे. दुखत नसताना दाखविलेल्या मुलाला दवाखान्याची भीती बसत नाही. वाटी-पेल्याची सवय या वेळेपर्यंत पुरी व्हावी.

पंधरावा महिना. पहिल्या दाढा येऊ लागतात. दाढांवर खाचा असतात व त्यांत बिस्किट अडकून राहते. खाण्याच्या वेळा ठरवून घ्याव्या. दोन वेळांच्या मध्ये तहान लागली तर पाणी द्यावे. रात्री दात घासल्यावर पाण्याखेरीज काहीही तोंडात जाऊ नये.

येथे एक इशारा आवश्यक आहे. दातांच्या नावाखाली कोणत्याही आईला स्तनपान थांबविण्यास सांगू नये. दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही आईचे दूध हितकर आहे. दात आल्यावर ते रोज दोनदा नीट घासावे, एवढाच त्यावर उपाय.

तिसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत पेस्ट वाटाण्याएवढी घ्यावी. मूल सात-आठ वर्षांचे होईतो घासणारा हात मोठ्या माणसाचा असावा. घासून झाल्यावर थुंकावे, पण पाण्याने खळखळून चूळ भरू नये. भरल्यास फ्लोराइड वाहून जाते. ज्या घरी पाणी टँकरने येते व घागरी मोजून वापरतात, तेथे हा सल्ला विशेष आवडीने ऐकला जाईल.

६. सांगणे आणि विचारणे

माहिती ठाऊक असणे व ती दुसऱ्याच्या उपयोगी पडणे यांत अंतर आहे. चेन्नईच्या दक्षिण टोकास कण्णगी नगर ही पुनर्वसित लोकांची मोठी वसाहत आहे. तेथील एका घराची कल्पना करू. आई पहाटे कामावर जाते. चौदा महिन्यांचे मूल आजीपाशी असते. त्याच्या वरच्या दातांवर पांढरी रेघ आहे व रात्री ते साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपते.

एक सेविका म्हणते, “पाट्टी, बाटली वाईट. दात किडतात. आजपासून बंद करा.” आजी मान हलविते. सेविका वहीत ‘समजावून सांगितले’ असे लिहून निघून जाते. बाटली चालूच राहते.

दुसरी सेविका असे बोलते:

“पाट्टी, रात्री बाळ कसे झोपते?”

“बाटली दिली की झोपते. नाही तर रडते. भिंत एवढीशी, शेजारचा माणूस रात्रपाळी करून आलेला असतो, तो ओरडतो. सून चारला उठते, तिची झोप मोडते.”

“म्हणजे बाटलीमुळे सगळ्यांना झोप मिळते.”

“तेच तर.”

“बाळाचा ओठ जरा उचलून पाहू या का? ही रेघ पाहिलीत? अजून दात वाचेल. रात्रीची झोपही राहील आणि दातही राहतील, असे काही करता येईल का?”

आजी थोडा वेळ विचार करून म्हणते, “साखर कमी केली तर चालेल?”

“चालेल. किती कमी करायची, ते तुम्हीच ठरवा.”

आजी पहिल्या आठवड्यात साखर निम्मी करते, दुसऱ्या आठवड्यात बंद करते. पुढे दूध निजण्यापूर्वी वाटीने पाजले जाते, मग दात घासले जातात आणि बाटलीत उरते ते पाणी. दुधाचे प्रमाण घटले नाही, त्याची वेळ बदलली. पहिल्या सेविकेला आजीचे अज्ञान दिसले. दुसरीला पातळ भिंत, रात्रपाळीचा शेजारी व पहाटे उठणारी सून दिसली. बाटलीमागे बहुधा असे एखादे कारण असते, आणि ते विचारल्याखेरीज कळत नाही.

ही केवळ सौजन्याची गोष्ट नव्हे. कॅनडातील सरे या गावी स्थायिक झालेल्या पंजाबी कुटुंबांत असा एक अभ्यास झाला व त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. सहा ते अठरा महिन्यांच्या २४० मुलांच्या आया त्यात होत्या. एका गटाला पत्रक व चित्रफीत दिली. दुसऱ्या गटाला तेही दिले. शिवाय आईशी एकदा घरगुती बोलणे केले, तिच्यापुढे अनेक पर्याय ठेवले, तिला झेपेल तो निवडू दिला व नंतर सहा वेळा दूरध्वनीवर विचारपूस केली. वर्षाअखेर पहिल्या गटातील मुलांच्या दातांना सरासरी १.९१ नव्या किडी लागल्या होत्या. दुसऱ्या गटात ०.७१. आईने निवडलेली वाट तिच्या घरची होती, म्हणून ती चालली गेली.

यावरून नियम असा: एका भेटीत एकच गोष्ट. ती सेविकेने सुचवावी, घरच्यांनी निवडावी, आणि पुढच्या भेटीत प्रथम तिचीच चौकशी व्हावी.

७. नेहमीच्या शंका

‘दात येताना मुलाला हगवण लागतेच.’ ही समजूत धोक्याची आहे. दात येताना हिरडी सळसळते, लाळ गळते, मूल किरकिरते. पण जुलाब व जोराचा ताप दातांमुळे होत नाहीत. या वयात मूल जमिनीवरचे सारे तोंडात घालते, म्हणून त्याला जुलाब होतात. त्याला जलसंजीवनी द्यावी व वेळीच आरोग्यकेंद्रात न्यावे. दातांच्या भरवशावर थांबल्याने मूल दगावू शकते.

‘काडीने घासलेले काय वाईट?’ वड व बाभूळ यांनी दात बळकट होतात अशा अर्थाची म्हण तमिळ भाषेत आहे. आपल्याकडे कडुनिंबाचा मान तोच. मोठ्या माणसाने काडी जरूर वापरावी. पण तान्ह्या मुलाच्या तोंडात काडी चालत नाही, आणि काडीत फ्लोराइड नसते. कोळसा, राख वा विटेची पूड यांनी कवच झिजते. मिश्री ही तर तंबाखूच होय. ती लावणाऱ्या आईला टाकून बोलू नये; मात्र मुलाच्या हिरडीला ती कधीही लावू नये, हे स्पष्ट सांगावे.

‘फ्लोराइडने दात डागळतात असे ऐकतो.’ हे ऐकणे निराधार नाही. त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात, भूजलातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे दात व हाडे बिघडल्याची नोंद १९३७ साली झाली. तामिळनाडूत धर्मपुरी व कृष्णगिरी, महाराष्ट्रात यवतमाळ व चंद्रपूर या जिल्ह्यांत ही तक्रार आजही आढळते. अशा गावी सेविकेने पाण्याविषयी आरोग्यकेंद्रात चौकशी करून मगच पेस्टविषयी सल्ला द्यावा. अन्यत्र तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट निर्धोक आहे. जे दाण्याएवढे औषध, तेच ओंजळभर विष, हा न्याय येथे लागू पडतो.

‘औषधाने दात किडतात का?’ मुलांच्या पातळ औषधांत पुष्कळदा साखर असते. औषध बंद करू नये. ते शक्य तो दात घासण्यापूर्वी द्यावे व वर पाणी पाजावे.

८. प्रशिक्षणाची रीत

सेविकांना जसे शिकवाल तसेच त्या पुढे शिकवितील. दोन दिवस व्याख्याने ऐकलेली सेविका घरोघर व्याख्यानेच देईल. म्हणून प्रशिक्षणाचा आरंभ आरशापासून करावा. प्रत्येकीने आपले स्वतःचे तोंड पाहावे, दात मोजावे, कोणता गेला व का गेला ते शेजारणीला सांगावे. ज्या बाईची दाढ ठणकली आहे, तिला किडीचे महत्त्व पटवावे लागत नाही.

नंतर दोघीदोघींच्या जोड्या कराव्या. एकीने आजी व्हावे, दुसरीने सेविका. मग अदलाबदल करावी. आजी होणारीने सहजासहजी मान डोलावू नये. तिसरा टप्पा प्रत्यक्ष वस्तीतील भेटीचा. अनुभवी परिचारिकेने सोबत जावे, पण बोलू नये. बाहेर पडल्यावर चर्चा करावी. यानंतर महिन्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसून अडलेल्या घरांविषयी बोलावे. एका दिवसाचे शिबिर हवेत विरते. ठरावीक काळाने झालेली उजळणी टिकते.

भाषेविषयी दोन शब्द. ग्रंथात आपण ‘दंतवल्क’ लिहितो. घरात हा शब्द उच्चारू नये. ‘दाताचे कवच’ म्हणावे. ‘आम्ल’ न म्हणता ‘आंबटपणा’ म्हणावे. तमिळमध्ये दुधाला ‘पाल’ व दाताला ‘पल’ म्हणतात. तेथील आजी ‘पाल-पल’ म्हणते, आपली आजी ‘दुधाचे दात’. दोन्ही भाषांत तो शब्द दुधावरून आला आहे. घरचे आधीच वापरतात त्या शब्दापासून आरंभ करावा. शास्त्रीय संज्ञा सेविकेच्या समजुतीसाठी असतात.

९. सेविकेच्या कामाची मर्यादा

सेविका दात भरू शकत नाही व तिने तसा आव आणू नये. तपकिरी डाग, भोक, हिरडीवरची पुळी किंवा रात्रीचे दुखणे दिसल्यास मुलाला दंतवैद्याकडे धाडावे; चेन्नईत शासकीय दंतमहाविद्यालयाचे रुग्णालय त्यासाठी आहे. गालावर सूज व सोबत ताप असेल, किंवा मुलाला गिळता येत नसेल, तर त्याच दिवशी न्यावे. पडून दुधाचा दात निखळला, तर तो परत बसवू नये. कायमचा दात निखळला, तर तो मुळाला स्पर्श न करता उचलून दुधात ठेवावा व तातडीने दंतवैद्य गाठावा.

किडलेला प्रत्येक दात काढावाच लागतो असेही नाही. चांदी व फ्लोराइड यांचे एक द्रावण लावून कीड थोपविता येते. त्याने किडलेला भाग काळा पडतो, हे आईला आधी सांगणे अगत्याचे असते. हे द्रावण व फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट यांचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला आहे.

शेवटी, सारा भार आईवर टाकू नये. कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्त बिस्किटांचा पुडा सहज मिळतो, फळ महाग पडते. कामावर जाणाऱ्या बाईला पाळणाघर मिळत नाही. या गोष्टी सेविकेच्या हाती नाहीत आणि आईच्याही नाहीत. त्या वरिष्ठांना कळविणे हाही सेविकेच्या कामाचा भाग होय. किडलेल्या दाताचा ठपका घेऊन घरी बसलेली आई पुढच्या भेटीला दार उघडीत नाही, आणि दार उघडले नाही तर या पाठातील कोणतीही गोष्ट त्या मुलापर्यंत पोहोचत नाही.

१०. उजळणीसाठी प्रश्न

१) जेवणाबरोबर खाल्लेली खीर व दिवसभर चोखलेले बिस्किट यांपैकी दातांना अधिक अपाय कशाने होतो? कारण सांगा.

२) सहाव्या वर्षी येणारी दाढ घरच्यांच्या लक्षात का येत नाही? ती कशी दाखवाल?

३) “दात येताहेत, म्हणून जुलाब होताहेत,” असे आई म्हणते. त्याच वेळी तुम्ही प्रथम काय कराल?

४) आपल्या वस्तीतील एका घराचा विचार करा. तेथे मुलाला बाटली वा बिस्किट देण्यामागे कोणती अडचण असेल? ती अडचण घरच्यांकडून कळून घेण्यासाठी कोणता पहिला प्रश्न विचाराल, तो त्यांच्याच बोलीत लिहा.